एचपीव्हीची नेमकी कोणती टेस्ट करायची? लॅबमध्ये बसून रोज हे रिपोर्ट काढणारीचं उत्तर

प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३८, डोंबिवलीला राहता, तब्येतीची काही तक्रार नाही, गायनॅकने रुटीन म्हणून चिठ्ठीवर नुसतं "एचपीव्ही टेस्ट" लिहून दिलं (एचपीव्ही म्हणजे ज्याच्यामुळे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो तो व्हायरस), आणि लॅबच्या यादीत बघितलं तर एचपीव्ही नावाच्या पाच टेस्ट निघाल्या. हायब्रिड कॅप्चर, हाय रिस्क पीसीआर १६/१८ सकट, एमआरएनए, २८ प्रकारांचा पॅनल, आणि एलबीसी (लिक्विडच्या बाटलीतून केलेली पॅप, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघायची तपासणी) अधिक एचपीव्ही असं जोडपॅकेज. किमतीत कितीतरी पटींचा फरक आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो की महागातला घ्या, त्यात सगळंच येतं. शिवाय घरात ६१ वर्षांच्या सासूबाई आहेत ज्यांची आयुष्यात कधी आतून तपासणी झालेली नाही, आणि २६ वर्षांची धाकटी जाऊ आहे, तर त्यांचंही सोबत उरकून घ्यायचं का.

उत्तर आधी देते, कारणं मागून. तुमच्यासाठी व्हायरसचे १४ हाय रिस्क, म्हणजे कॅन्सरचा धोका असलेले, प्रकार बघणारी आणि त्यातले १६ आणि १८ नंबरचे वेगळे काढून सांगणारी डीएनए पीसीआर टेस्ट, तीसुद्धा स्क्रीनिंगसाठी क्लिनिकली व्हॅलिडेट झालेल्या किटवर केलेली. २८ वाला पॅनल नको. सासूबाईंची जरूर करा पण आधी त्यांना एक प्रश्न विचारायचाय तो शेवटी लिहिते. जाऊबाईंची आत्ता टेस्ट नको, त्यांच्याशी लशीबद्दल बोला.

आता कारणं. मी परळला मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करते, मायक्रोबायॉलॉजीची एमडी आहे, आणि एचपीव्हीची सॅम्पल्स हायब्रिड कॅप्चरच्या काळापासून हाताळतेय, त्यामुळे जे लिहितेय ते मशीनच्या बाजूने बघितलेलं आहे. पेशंटला आतून तपासणाऱ्या डॉक्टरची जागा हे उत्तर घेऊ शकत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्यांदा सांगते कारण ती कळली की पुढचं सगळं सोपं होतं. आपण व्हायरस शोधायला टेस्ट करत नाही, गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सरच्या आधीचा बदल झालाय किंवा होण्याचा धोका आहे अशी बाई शोधायला करतो. ह्या दोन गोष्टी एक वाटतात पण नाहीयेत. एचपीव्हीचे दोनशेच्या वर प्रकार आहेत, त्यातले साधारण चाळीस जननमार्गात सापडतात, आणि आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) ज्यांना नक्की कॅन्सर करणारे म्हणून पहिल्या गटात टाकलंय ते फक्त १२. त्यात ६६ आणि ६८ धरून बहुतेक किट्सचा १४ चा आकडा होतो. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक सगळ्या स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा व्हायरस होऊन जातो, आणि दहातली नऊ इन्फेक्शन्स दोनेक वर्षांत शरीर स्वतःच परतवून लावतं, कळतही नाही. जे इन्फेक्शन वर्षानुवर्षं टिकून राहतं तेच धोक्याचं, आणि तिथूनही कॅन्सरपर्यंत जायला साधारण दहापंधरा वर्षं लागतात. म्हणजे एखाद्या टेस्टने व्हायरसचे चार कण जरी असले तरी पकडले तर ती भारी टेस्ट असं वाटतं, पण स्क्रीनिंगमध्ये ती वाईट टेस्ट आहे, कारण ती अशा शेकडो बायकांना पॉझिटिव्ह ठरवेल ज्यांना काहीही होणार नाही, आणि त्या सगळ्या कॉल्पोस्कोपीच्या (दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड बघायची तपासणी) रांगेत जाऊन बसतील, घाबरतील, नवऱ्याशी भांडतील, बायोप्सी करून घेतील.

म्हणून चांगल्या किटमध्ये कटऑफ, म्हणजे किती व्हायरस सापडला की पॉझिटिव्ह म्हणायचं ती रेघ, मुद्दाम वर ठेवलेला असतो. हायब्रिड कॅप्चर टू, आम्ही एचसी टू म्हणतो, त्याचं उदाहरण घ्या. अमेरिकेत ह्या टेस्टला १९९९ मध्ये मान्यता मिळाली आणि बरीच वर्षं जगभर हीच चालली. ह्यात पीसीआर नाहीच. सॅम्पलमधला डीएनए अल्कलीने उलगडायचा, त्यावर १३ हाय रिस्क प्रकारांचे आरएनए प्रोब चिकटवायचे, मग त्या डीएनए आरएनए जोडीला ओळखणाऱ्या अँटिबॉडीने प्लेटवर पकडायचं आणि जो उजेड निघतो तो मोजायचा. कटऑफ एक पिकोग्राम प्रति मिली, म्हणजे एका टेस्टमागे साधारण पाच हजार कॉपी. पीसीआरच्या मानाने हे ढोबळ आहे, आणि तरीही हीच टेस्ट इतक्या मोठ्या अभ्यासांमध्ये वापरली गेली की आजची प्रत्येक नवी टेस्ट तिच्याशीच ताडून बघतात.

आणि ह्यातला सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातला आहे ह्याचा मला फार अभिमान वाटतो. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि आयएआरसी ह्यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना चार गटांत वाटलं. एका गटाची एचसी टू ने एचपीव्ही टेस्ट, एकाची पॅप स्मिअर, एकाची व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी जिला आपण व्हीआयए म्हणतो, आणि एका गटाला नेहमीची सेवा. २००९ मध्ये निकाल आले ते असे की आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात पुढच्या स्टेजचे कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आणि पॅपच्या किंवा व्हीआयएच्या गटात तशी ठोस घट दिसली नाही. अजून एक आकडा जो मी स्टुडंट्सना नेहमी दाखवते, टेस्ट निगेटिव्ह आलेल्या बायकांना पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण पॅपवाल्या गटात लाखामागे वर्षाला १५.५ होतं आणि एचपीव्हीवाल्या गटात ३.७. म्हणजे एचपीव्ही निगेटिव्ह ह्या शब्दाला जे वजन आहे ते पॅप नॉर्मलला नाही. ज्या बायकांनी त्या गावांमध्ये शेतातली कामं टाकून येऊन सॅम्पल दिली त्यांच्यामुळे आज जगभरची गाइडलाइन बदलली, २०२१ मध्ये डब्ल्यूएचओने एचपीव्ही डीएनए टेस्टच पहिली टेस्ट म्हणून वापरा असं सांगितलं त्यामागे ह्या पुराव्याचा मोठा वाटा आहे.

(व्हीआयएला कमी लेखत नाहीये मी. मुंबईच्याच वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाखाच्या आसपास बायकांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी ठरावीक अंतराने परत परत केलेल्या व्हीआयएने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते, तो निकाल २०१४ मध्ये छापून आला. जिथे लॅब नाही तिथे व्हीआयए हाच आधार आहे. पण तुमच्याकडे निवड आहे म्हणून एचपीव्ही.)

मग एचसी टू च का नको? घेतलीत तरी चूक नाही, पण त्यात दोन उणिवा आहेत ज्या रोज काम करताना जाणवतात. एक म्हणजे सॅम्पलमध्ये मुळात पेशी आल्यात की नाही हे ती सांगत नाही, ब्रश नुसता हवेत फिरवून बाटलीत बुडवला तरी रिपोर्ट "निगेटिव्ह" येणार. पीसीआरच्या चांगल्या किटमध्ये बीटा ग्लोबिन हे माणसाचं जीन कंट्रोल म्हणून असतं, ते आलं नाही तर रिपोर्ट "इनव्हॅलिड", परत सॅम्पल द्या. पेशंटला इनव्हॅलिडचा राग येतो पण तो खरा रिपोर्ट आहे, खोट्या निगेटिव्हपेक्षा हजारपटीने बरा. दुसरी उणीव, एचसी टू १३ प्रकारांचं एकत्र उत्तर देते, कोणता ते नाही, आणि तिचे प्रोब कधीकधी लो रिस्क प्रकारांनाही चिकटतात, खासकरून आकडा कटऑफच्या जेमतेम वर असतो तेव्हा. अशा वेळी आम्ही टेस्ट परत लावतो.

कोणता प्रकार आहे हे कळणं का हवं, तर सगळे १४ सारखे नाहीत. १६ आणि १८ ह्या दोघांमुळेच जगातले साधारण ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर होतात आणि आपल्याकडे हे प्रमाण त्याहून जास्त आहे. १६ तर सगळ्यांत वाईट, टिकून राहतो आणि लवकर बदल घडवतो. १८ (आणि त्याचा भाऊबंद ४५) आतल्या नळीतल्या ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये जास्त सापडतो आणि तिथे पॅप नेमकी कमी पडते. अमेरिकेत कोबास टेस्टसाठी ४७ हजारांवर बायकांचा अथेना नावाचा अभ्यास झाला, त्यात तिशीच्या पुढच्या ज्या बायकांचं पॅप नॉर्मल होतं पण १६ किंवा १८ पॉझिटिव्ह, त्यांच्यातल्या साधारण दहापैकी एकीला आत कॅन्सरपूर्व बदल निघाला. पॅप नॉर्मल आणि तरी दहात एक! म्हणून १६/१८ आलं की थेट कॉल्पोस्कोपी, बाकीचे १२ आले तर आधी पॅप किंवा व्हीआयए करून मग ठरवायचं, आणि त्यात काही नसेल तर साधारण वर्षाने परत टेस्ट. हा फाटा पाडायला १६ आणि १८ वेगळे कळणं पुरतं.

रोशचं कोबास हे त्यातलं जुनं नाव, २०१४ मध्ये एकट्याने पहिली टेस्ट म्हणून वापरायला अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलंच. १६ वेगळा, १८ वेगळा, उरलेले १२ एकत्र आणि बीटा ग्लोबिन. ॲबटची टेस्ट ह्याच पठडीतली. बीडीचं ऑनक्लॅरिटी थोडं पुढे जातं, १६, १८, ३१, ४५, ५१, ५२ वेगवेगळे आणि बाकीचे तीन छोट्या गटांत सांगतं, शिवाय ते व्हायरसचे ई६ ई७ हे जीन बघतं. त्याचा फायदा पुढच्या वेळी होतो, तोच प्रकार टिकलाय की जुना गेला आणि नवा आला हे समजतं. तुमच्या लॅबमध्ये ह्यातलं जे असेल ते घ्या, ह्यांच्यात तुमच्यासाठी फरक करण्यासारखं काही नाही खरंच.

एमआरएनए टेस्टबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं कारण ती "ॲक्टिव्ह इन्फेक्शन दाखवते" असं सांगून विकली जाते. होलॉजिकची ॲप्टिमा हे तिचं मुख्य नाव. डीएनए नुसता व्हायरस आहे का हे सांगतो, तर ही टेस्ट त्याच्या ई६ आणि ई७ जीनमधून संदेश निघतायत का हे बघते, आणि ह्याच दोन प्रथिनांमुळे पेशी बिघडत जाते. विचार बरोबर आहे आणि आकडेही बरे आहेत, पकडण्याची क्षमता डीएनए टेस्टइतकीच आणि उगाच पॉझिटिव्ह थोडे कमी. पण डब्ल्यूएचओने तिच्यासाठी दोन अटी घातल्यात. सॅम्पल डॉक्टर किंवा नर्सनेच घेतलेलं हवं, स्वतः घेतलेलं नको, आणि निगेटिव्ह आली तर ५ वर्षांनी परत करायची. डीएनए टेस्टला ५ ते १० वर्षांचं अंतर दिलंय कारण इतक्या लांबचा पुरावा डीएनएचा आहे. तुमची गायनॅक सॅम्पल घेणार असेल आणि लॅबमध्ये तीच टेस्ट चालत असेल तर बिनधास्त करा. ज्या लॅबमध्ये दोन्ही आहेत तिथे मी माझ्या घरच्यांना डीएनए सांगते.

आता २८ प्रकारांचा पॅनल, ज्याच्यामुळे हे इतकं लांब लिहायला बसले. त्यात १९ हाय रिस्क किंवा संशयित आणि ९ लो रिस्क प्रकार असतात, म्हणजे ६, ११, ४२, ५४, ६१ वगैरे. लो रिस्क प्रकारांनी फार तर मस येतात, त्यांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी संबंध नाही. किट वाईट नाही, संशोधनात आणि लशीच्या अभ्यासात असे पॅनल लागतातच. पण निरोगी बाईला स्क्रीनिंग म्हणून ते करणं म्हणजे नुसती चिंता विकत घेणं. माझ्याकडे असे रिपोर्ट हातात धरून बायका येतात, त्यात "टाइप ४२ पॉझिटिव्ह" असं लाल अक्षरात छापलेलं असतं, घरी रणकंदन झालेलं असतं, गुगलवर एचपीव्ही म्हणजे कॅन्सर एवढं वाचलेलं असतं, आणि मला समजावून सांगावं लागतं की तुम्हाला कॅन्सरच्या दृष्टीने काहीही सापडलेलं नाही. जास्त पैसे देऊन जास्त घाबरायचं, आणि कधीकधी त्याच भीतीपोटी गरज नसताना गर्भाशयच काढून टाकायचा विषय निघतो. हे मला अजिबात मान्य नाही, आणि लॅबवाल्यांनी हा पॅनल आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये घालू नये असं मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते.

एलबीसी अधिक एचपीव्ही, म्हणजे दोन्ही एकदम. ह्यात नुकसान नाही, पण संरक्षणाचा जवळजवळ सगळा भाग एचपीव्हीमधून येतो, पॅप वरून अगदी थोडी भर घालते आणि किरकोळ बदलांमुळे विनाकारण धावपळही वाढवते. त्यापेक्षा गायनॅकला सांगा की सॅम्पल लिक्विडच्या बाटलीतच घ्या, आधी एचपीव्ही लावा, आणि पॉझिटिव्ह आली तरच त्याच बाटलीतून एलबीसीची स्लाइड करा. रिक्विझिशनवर "रिफ्लेक्स" एवढा शब्द लिहिला की लॅबला कळतं. तुम्हाला परत पाय फाकवून झोपायला लागत नाही, परत डोंबिवलीहून सुट्टी काढून यायला लागत नाही, आणि परत या म्हटलं की आपल्या बायका येत नाहीत हा माझा सगळ्यात दुखरा अनुभव आहे. पॉझिटिव्ह रिपोर्ट ड्रॉवरमध्ये पडून राहिलेत, कारण मधे दिवाळी आली, मुलाची दहावी आली, सासऱ्यांचं ऑपरेशन आलं.

लॅबला विचारायचं काय? "तुमचं किट कोणतं, आणि ते स्क्रीनिंगसाठी क्लिनिकली व्हॅलिडेटेड आहे का?" एवढं विचारा. कारण बाजारात किट्सचा सुळसुळाट आहे, २०२० च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत जगभरात अडीचशेच्या वर एचपीव्ही टेस्ट मोजल्या गेल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त किट्सवर एकसुद्धा तपासून छापलेला शोधनिबंध नव्हता. व्हॅलिडेटेड म्हणजे काय ह्याचे निकष २००९ मध्ये ठरलेत, मायर निकष म्हणून ओळखतात. नव्या टेस्टने कॅन्सरपूर्व बदल पकडण्यात एचसी टू च्या तुलनेत निदान ९० टक्के आणि निरोगी बाईला निरोगी म्हणण्यात निदान ९८ टक्के कामगिरी दाखवली पाहिजे, आणि तेच सॅम्पल परत लावलं तर उत्तर तेच आलं पाहिजे. "आमची टेस्ट दहा कॉपीपण पकडते" हे त्याचं उत्तर नव्हे, वर लिहिलंय का ते. लॅबला एनएबीएलची (लॅबच्या दर्जाला मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असेल तर ती नेमकी ह्याच टेस्टसाठी आहे का हेही बघा, लॅबला असते पण प्रत्येक टेस्टला असतेच असं नाही.

छोट्या कार्ट्रिजच्या टेस्टबद्दल दोन शब्द. सेफिडचं एक्सपर्ट, टीबीसाठी आपल्याकडे जे मशीन जागोजागी आहे त्याच मशीनवर एचपीव्हीची कार्ट्रिज तासाभरात निकाल देते, १६ वेगळा आणि १८/४५ एकत्र सांगते, चांगली व्हॅलिडेटेड आहे. गोव्याच्या मोल्बिओचं ट्रूनॅटसुद्धा टीबीमुळे सगळ्यांना माहीत आहे, त्याची एचपीव्हीची चिप सगळे १४ न बघता जास्त धोक्याचे मोजके प्रकार बघते. मला ह्या छोट्या मशीन्समध्ये फार आशा वाटते कारण बाई सकाळी आली, सॅम्पल दिलं, चहा पिऊन होईतो निकाल आणि त्याच दिवशी पुढची तपासणी, मधे हरवायला जागाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के. आणि वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण, ८० हजारांच्या घरात मृत्यू. असं असताना कोबास चांगलं की ऑनक्लॅरिटी ह्या वादापेक्षा कोणत्या टेस्टने जास्त बायकांपर्यंत पोचता येईल हा प्रश्न मोठा आहे.

सॅम्पल. इथे मी सगळ्यांना कंटाळा येईपर्यंत बोलते. दहा लाखांचं मशीन असो की पन्नास लाखांचं, ब्रशवर पेशी आल्या नाहीत तर सगळं व्यर्थ. पाळी चालू असताना नको, आधीचे दोन दिवस आत कुठलं क्रीम, गोळी किंवा धुणं नको, संबंधही टाळा. डॉक्टरांनी वंगण म्हणून जेली वापरली तर अगदी कमी आणि ब्रशच्या टोकाला न लागेल अशी, काही जेलींमधला घट्टपणा आणणारा पदार्थ टेस्टमध्ये अडथळा आणतो. बाटलीप्रमाणे पद्धत बदलते आणि इथे नेहमी घोळ होतो, थिनप्रेपच्या बाटलीत ब्रश तळाला दहा वेळा दाबून, घुसळून काढून टाकायचा असतो तर शुअरपाथच्या बाटलीत ब्रशचं डोकं काढून आतच ठेवायचं असतं. थिनप्रेपच्या झाकणावर आणि बाटलीवर काळी रेघ असते, झाकण त्या रेघेपुढे जाईपर्यंत फिरवायचं, नाहीतर विरार लोकलच्या गर्दीतून येणाऱ्या आमच्या सॅम्पल आणणाऱ्या पोराच्या पिशवीत अर्धी बाटली सांडलेली असते. लिक्विडमधलं सॅम्पल मुंबईच्या हवेत काही आठवडे टिकतं, त्यामुळे रविवार मधे आला म्हणून काळजी नको.

आणि ज्यांना आतून तपासणी नकोच वाटते, लाज वाटते, पूर्वी त्रास झालाय, अशांसाठी स्वतः सॅम्पल घेण्याची सोय आहे हे कृपा करून घरात सगळ्यांना सांगा. बाथरूममध्ये जाऊन मऊ स्वॅब योनीत घालून फिरवायचा, संपलं, गर्भाशयाच्या तोंडापर्यंत पोचायचीही गरज नाही. पीसीआरवर चालणाऱ्या व्हॅलिडेटेड डीएनए टेस्टमध्ये अशा सॅम्पलची पकड डॉक्टरने घेतलेल्या सॅम्पलइतकीच येते हे अनेक अभ्यासांतून दिसलंय, अमेरिकेत २०२४ मध्ये कोबास आणि ऑनक्लॅरिटीला दवाखान्यात बसून स्वतः घेतलेल्या सॅम्पलची मान्यता मिळाली. एचसी टू आणि एमआरएनएमध्ये मात्र पकड कमी होते, तिथे नको. फक्त त्या स्वॅबवरून पॅपची स्लाइड बनत नाही, पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी डॉक्टरकडेच.

रिपोर्ट हातात आल्यावरचं थोडं. कोविडपासून सगळ्यांना सीटी व्हॅल्यू (पीसीआरच्या कितव्या फेरीला व्हायरस दिसला तो आकडा) पाठ झालीय, काही लॅब एचपीव्हीच्या रिपोर्टवरही ती छापतात आणि लोक २४ आणि ३३ ची तुलना करत बसतात. ब्रशवर किती पेशी आल्या त्यावर तो आकडा हलतो, आजार किती पुढे गेलाय ते त्यावरून कळत नाही, तिकडे बघू नका. पॉझिटिव्ह आलं तर तो कॅन्सर नाही, आणि ते कधी आलं, कुणाकडून आलं हे जगातली कुठलीही लॅब सांगू शकत नाही, व्हायरस वर्षानुवर्षं शांत राहून मग टेस्टमध्ये दिसू शकतो. हे नवऱ्याला टेस्टच्या आधी सांगा, नंतर नाही. पॉझिटिव्हवर औषधाची गोळी नसते, कोणी "व्हायरस घालवायचा कोर्स" दिला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, उपचार असतो तो बदल झालेल्या पेशींवर, आणि तो वेळेत केला तर सोपा आणि पूर्ण बरा करणारा आहे. निगेटिव्ह आलं तर पाच वर्षं निवांत, दरवर्षी करू नका. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर मात्र हे अंतर कमी होतं, ते डॉक्टरना विचारून.

जाऊबाईंचं. सव्विसाव्या वर्षी एचपीव्ही सापडण्याची शक्यता भरपूर आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा काहीच नाही, म्हणून डब्ल्यूएचओ तिशीपासून सुरू करा म्हणतं. त्याऐवजी लस. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२३ पासून मिळतेय, ६, ११, १६, १८ ह्या चार प्रकारांवर, आणि तिची वयोमर्यादा ९ ते २६ आहे, त्यामुळे सव्वीस संपायच्या आत गायनॅककडे जाऊन बोलून घ्या, ह्या वयात तीन डोस लागतात. लस घेतली तरी तिशीनंतर टेस्ट करायचीच आहे.

सासूबाईंचं. त्यांचं गर्भाशय काढलेलं आहे का हे आधी नीट विचारा, आपल्याकडे चाळिशीत काढलेलं असतं आणि सुनेला माहीतही नसतं. तोंडासकट काढलेलं असेल आणि कारण कॅन्सर किंवा त्याच्या आधीचा बदल नसेल तर टेस्टची गरज नाही, कागद असतील तर डॉक्टरना दाखवा. गर्भाशय असेल तर एकदा एचपीव्ही टेस्ट नक्की करा, वय जास्त झालं म्हणून सोडू नका, कधीच तपासणी न झालेली बाई हीच सगळ्यात जास्त धोक्यात असते. पाळी गेल्यावर व्हीआयए नीट दिसत नाही कारण बघायचा भाग आत सरकतो, पॅपमध्ये सुकलेल्या पेशी वाचायला अवघड जातात, एचपीव्ही पीसीआरला ह्याचा फारसा फरक पडत नाही, आणि त्यांना लाज वाटत असेल तर वर लिहिलेला स्वॅब आहेच.

आणि तो एक प्रश्न. पाळी गेल्यानंतर कधी अंगावरून रक्त गेलंय का, थेंबभर डाग जरी, किंवा वास येणारं पाणी जातंय का? खोलीचं दार लावून, शांतपणे, दोन वेळा विचारा, पहिल्यांदा त्या नाही म्हणतील. उत्तर हो असेल तर आधी एचपीव्ही टेस्ट आणि मग रिपोर्टची वाट असं करायचं नाही, स्क्रीनिंग हे तक्रार नसलेल्या बाईसाठी असतं. त्यांना ह्याच आठवड्यात गायनॅककडे न्या, आतून डोळ्यांनी तपासणी, सोनोग्राफी आणि लागली तर बायोप्सी, आणि आधीचा कुठलाही रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी हे टाळू नका.